बघून घेतलेली साडी

न्हाय, न्हाय, बस तू, उठू नको — मी काय घ्यायला आलेली न्हाय. खाली विचारलं, अनुजा कुठं असती, तर म्हणाले वरच्या मजल्यावर, परकर-फॉलच्या काउंटरला. साड्यांवरनं काढलं व्हय तुला? कवापासनं? ...त्याच दिवसापासनं. व्हय. म्हंजे ओळखलंस तू मला. मला वाटलं ओळखायची न्हाईस, दिवसाला शंभर बायका बघत असशील — पण तोंड फिरवलंस ते कळलं मला. नीट दिसलं न्हाय, पण कळलं. शेजारच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घातलंय, अर्धा तास डोळं मिटून बसा म्हणालेत. हे मला तितं बसवून गाडीत हवा भरून आणतो म्हणून गेले, आणि मी उठून हिकडं आले. जिना चढताना दोनदा ठेचाळले. तुझं तोंड नुसतं पांढुरकं दिसतंय बघ. बरंच हाय ते. नीट दिसलं असतं तर मला बोलाय जमलं नसतं.

ह्यांचं सांगाय आलते. त्या दिवशी ह्यांनी साडी तुझ्या तोंडावर फेकली, तुझ्या घरात कोण इरकल नेसलंय का कवा म्हणाले, सगळ्या दुकानासमोर — ते मनानं तसे न्हाईत, असं सांगायचं हुतं. बसमध्ये, घरात, तेच घोकलंय मी पंधरा दिवस. साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर हुते, उदयसिंह साहेब आले म्हटलं की माणसं बिड्या विझवायची. आता रिटायर झाल्यापासनं घाबरणारं कोण ऱ्हायलं न्हाय. मग हाटेलात पाणी उशिरा आणलं की वाढप्याला, बँकेत त्या खिडकीतल्या बाईला, पंपावर पेट्रोल भरणाऱ्याला — कुठंबी. समोरचं माणूस नोकरीवर हाय, उलटून बोलणार न्हाय, एवढं दिसलं की बास. आणि मी मागं उभी, पिशवी धरून, खाली बघत. लोक माझ्याकडं बघून चुकचुकत्यात. बिचारी, म्हणत्यात. तू बी म्हणली असशील तवा मनात — म्हणलीस न्हवं? म्हणू नको. त्या दिवसासाठी तरी म्हणू नको.

मी बी काउंटरला हुते की. लगीन व्हायच्या आधी, गडहिंग्लजला, तीन वर्षं, कापड दुकानातच. बसायचं न्हाय, भिंतीला टेकायचं न्हाय, कापडाचे चाळीस तागे उलगडायचे आणि बाईनं "बघू नंतर" म्हटलं की हसत हसत परत घड्या घालायच्या. संध्याकाळी पाय असं सुजायचे की चप्पल चढायची न्हाय. एकदा एका माणसानं मला चोर म्हटलं — दीड मीटरला वीत कमी दिलीस म्हणून. तर आमचे आण्णा, दुकानाचे मालक, गादीवरनं उठले आणि त्याच्यासमोर परत मोजलं. बरोबर भरलं. मग म्हणाले, पावणं, आता पोरीची माफी मागा, न्हायतर कापड ठेवा आणि जावा. मागितली त्यानं माफी. ते मला अजून आठवतंय, एवढ्या वर्षांनी. आणि तुमच्या शेठनी काय केलं — तुलाच हात जोडाय लावले. ...व्हय, मला कुठला आलाय अधिकार त्यांना नावं ठेवायचा. गप बसते.

तुझं काय चुकलं न्हवतं. हे तुला माहीत हाय, आणि मला माहीत हाय. दोघींनाच माहीत हाय. पुतणीच्या, अंतराच्या लग्नासाठी साडी घ्यायला आलते तवा तू उभा पदर सोडून दावलतास, दोन्ही काठ हातानं फिरवून दावले, मावशी, उजेडात या, नीट बघून घ्या म्हणालीस. मी घेतलीच की बघून. मोरपंखी रंग, कुठं सुताचा दोष न्हाय. घरी नेऊन जाऊबाईला दाखवायची म्हणून घडीच्या रेषा मोडाय इस्त्री फिरवली, तेवढ्यात ह्यांनी चहासाठी हाक मारली, एकदा, दोनदा — दुसऱ्या हाकेला उठावंच लागतं आमच्यात — मी उठले, आणि इस्त्री तशीच पदरावर. करंगळीएवढा डाग. तेवढाच. जाऊबाईसमोर ह्यांनी पदर उलगडला आणि म्हणाले, हे काय? आणि माझ्या तोंडातनं आलं, दुकानातनंच तसली आली वाटतं.

मी ठरवून न्हाय बोलले. तोंडातनं आलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मारत न्हाईत ते, तसलं काय समजू नको. हात उचलत न्हाईत कवा. म्हंजे — अलीकडं न्हाय. ते राहू दे, ते मला सांगायचं न्हवतं. मला वाटलं डागाचा विषय तितंच संपंल. तर हे म्हणाले, चल, बस गाडीवर.

आणि हितं आल्यावर तू नुसतं एवढंच म्हणालीस की काका, हा इस्त्रीचा डाग हाय. खरं तेच बोललीस. तर ह्यांचा आवाज चढला — म्हंजे माझी बायको खोटारडी हाय व्हय? आणि तू माझ्याकडं बघितलंस. मावशी, तुम्ही स्वतः बघून घेतली हुती न्हवं, सांगा की. एक बाई हातातला ब्लाऊजपीस तसाच धरून उभी. आणि मी काय म्हणले? मला काय आठवत न्हाय बाई.

तू रडत न्हवतीस तवर. मी ते म्हणल्यावर रडलीस. बघितलंय मी.

आणि अजून एक हाय. हे कुणाला सांगितलं न्हाय, तुला तरी कशाला सांगाय पायजे — पण आता तोंड उघडलंय. हे तुझ्यावर ओरडत हुते ना, तवा मला बरं वाटत हुतं. तुला ऐकाय वंगाळ वाटंल. पण अठ्ठावीस वर्षं त्या आवाजासमोर मी उभी ऱ्हायलेय, आणि त्या दिवशी तू हुतीस, आणि मी बाजूला. छातीवरनं धोंडा काढल्यागत झालं. घरी जाताना हे खुशीत हुते. बदलून दिलेली साडी माझ्या मांडीवर, वाटेत मला उसाचा रस पाजला. मी प्याले तो. सगळा प्याले. लग्नात नेसले, सगळ्या बायका म्हणाल्या, खुलून दिसतीय. त्या रात्रीपासनं मला तुझं ते "सांगा की" ऐकू येतंय. भांडी घासताना बी.

तर आज सांगणार हाय मी. तुमचे शेठ जेवून कवा येत्यात? आलेत? गल्ल्यावर हाईत? मग खाली जाते आणि सांगते, साडी मी जाळली, ह्या पोरीचा दोष न्हाय, तिला परत साड्यांवर घ्या. एवढंच तर बोलायचंय. तू चल माझ्याबरोबर — न्हाय, तू नको, मी एकटीच जाते. जरा बसते. पाणी हाय? ...दे. किती थंड हात हाईत गं तुझे. तू कशाला रडतीस आता, मी जातेय की.

थांब. फोन वाजतोय. कुणाचा हाय बघ, मला अक्षर दिसंना. ...ह्यांचाच.

हां, बोला. — न्हाय, दवाखान्यातच हुते, जरा शेजारी आले. — परकर घ्यायला. लग्नातला फाटलाय म्हणून. — व्हय, तेच दुकान. न्हाय, वर हाय मी. तुम्ही कशाला येताय, मीच येते की खाली, थांबा, आलेच —

ठेवला. दारातच हाईत ते. अनुजा, ऐक, एक परकर काढ पटकन. कुठलाबी रंग, कुठलीबी साइज, हितं पसर माझ्यासमोर. आणि डोळं पूस, पूस आधी. मी काय बोललेच न्हाय तुझ्याशी. मी परत येईन, खरंच येईन, एकटी येईन, शेठना सांगीन — पण आत्ता न्हाय, आत्ता गं कसं — चढले ते जिना. त्यांचीच पावलं.

अहो, या, हितं हाय मी. बघा की, अर्धा तास झाला, एक परकर म्हणून धड दाखवंना ही. व्हय, तीच ती, त्या दिवशीची. ए बाई, हा काय रंग मागितलावता मी? डोळं काय घरी ठेवून येतीस व्हय कामाला? ठेव ते, ऱ्हाऊ दे. आणि माझ्याकडं असं बघू नको. चला ओ, हितल्या पोरींना काडीची अक्कल न्हाय.