कॅप्टन झोपतो तेव्हा

(कार्डिफहून लंडनकडे जाणारी गाडी. स्टिअरिंगवर वैजयंतीआजी, शेजारी दीनानाथ आजोबा, मागे बॅगांच्या मधे अंग चोरून बसलेली नात तनिषा.)

आजी : थांब, थांब. परत सांग. उद्या मुंबईला विमान तू उतरवणार नाहीस?

तनिषा : नाही, आजी.

आजी : निदान वर तरी तू नेणार ना?

तनिषा : टेकऑफ पण नाही. टेकऑफ आणि लँडिंग कॅप्टन करतो, नाहीतर को-पायलट. मी तेव्हा त्यांच्या मागच्या छोट्या सीटवर बसते.

आजी : मागे बसून काय करतेस?

तनिषा : बघते. ऐकते. काही चुकलं असं वाटलं तर बोलते.

आजी : म्हणजे आत्ता तुझे आजोबा करताहेत तेच.

आजोबा : मी एक शब्द बोललेलो नाही.

आजी : बोलायला कशाला हवं? घर सोडल्यापासून तुमचा उजवा पाय ब्रेक दाबतोय. तिकडे ब्रेक नाही, अहो. मॅटला भोक पडेल.

आजोबा : पुढे लॉरी आहे.

आजी : ती लॉरी स्विंडनपासून पुढे आहे. ती तिच्या वाटेने चाललीय, मी माझ्या. तने, तू बोल. वर नेणार नाहीस, खाली आणणार नाहीस. मग ती चार पट्ट्यांची टोपी कशाला?

तनिषा : टोपीला पट्ट्या नसतात. खांद्यावर असतात. आणि चार कॅप्टनला. मला दोन.

आजी : घ्या. पट्ट्यासुद्धा अर्ध्याच.

तनिषा : मी रिलीफ पायलट आहे, आजी. ज्युनियर. लांबची फ्लाइट असते ना, तेव्हा पुढचे दोघं सगळा वेळ जागे नाही राहू शकत. मग मी त्यांच्या जागेवर बसते. एकाला झोपायला पाठवतो, तो आला की दुसऱ्याला.

आजी : आणि हे तू मला आज सांगतेस? मोटरवेवर?

तनिषा : मी आधी सांगणार होते. पण तू मंडळात सगळ्यांना सांगितलं होतंस की माझी नात विमान चालवते. गणपतीत ते काका मला विचारत होते, लँडिंग करताना भीती वाटते का. मी फक्त स्माइल केला.

आजोबा : फार चांगलं केलंस. त्या काकांना उत्तर दिलं की ते दुसरा प्रश्न विचारतात.

आजी : तुम्ही मधे पडू नका. तुम्हाला ठाऊक होतं?

आजोबा : मला अंदाज होता.

आजी : अंदाज होता! आणि मी तिकडे पुण्याला माझ्या बहिणीला, अनूला फोनवर काय काय सांगून बसलेय. म्हटलं, मागच्या खेपेचं ते विमान डोळ्यांपुढून जात नाही, मी काही परत त्यात पाय ठेवणार नाही. पण आता माझ्या तनीच्या हातात आहे म्हटल्यावर येते. तुझ्या पंच्याहत्तरीला येते. अनूने सोसायटीच्या गेटवर बोर्ड लावलाय, 'वैमानिक नातीसह आगमन'.

तनिषा : ओ गॉड. फोटो आहे?

आजी : तुझाच आहे. शाळेच्या गणवेशातला. तिच्याकडे तेवढाच होता.

आजोबा : वैजू, इंडिकेटर चालू राहिलाय.

आजी : राहू दे. कदाचित लागेल. रीडिंगला उतरते आणि गाडी परत कार्डिफकडे वळवते.

तनिषा : आजी!

आजी : आजी काय? मी काय चेष्टा करतेय? अनूच्या मुलाचं लग्न मी लॅपटॉपवर पाहिलं. अक्षता टाकल्या त्या की-बोर्डवर. त्या अजून 'एम'खाली अडकल्यात. तिचे गुडघे गेलेत, ती इकडे येणार नाही. मी तिकडे जाऊ शकत नाही. तुझ्या भरवशावर निघाले होते, तर तू मागच्या छोट्या सीटवर.

आजोबा : अगं, ती ज्युनियर आहे. मीही ज्युनियर असताना काय करायचो? सर्जन हाड बसवायचा आणि मी नुसता रिट्रॅक्टर धरून उभा. जखम उघडी ठेवायला. पेशंटच्या नातेवाइकांना माझं नावही माहीत नसायचं.

आजी : ते मला माहितेय. घरी आलात की हात ताटापर्यंत जायचा नाही. मी भात कालवून द्यायचे.

तनिषा : खरंच? आजोबांना तू भरवलं?

आजोबा : भरवलं नाही. कालवून दिलं. फरक आहे.

आजी : फारसा नव्हता. तने, विमानाला हात तरी लावतेस का तू?

तनिषा : लावते ना. निघायच्या आधी खाली जाऊन पूर्ण विमानाभोवती फिरून बघायचं, ते माझंच काम असतं. टायर, इंजिन, पंख. कुठे काही ठोकलंय का, गळतंय का. पाऊस असला तरी.

आजी : भोवती फिरतेस? कुठल्या बाजूने?

तनिषा : डाव्या बाजूने सुरू. मग नाक, मग उजवा पंख, मग शेपटी, आणि परत डावीकडे.

आजी : म्हणजे विमान तुझ्या उजव्या हाताला राहतं.

तनिषा : हो. का?

आजी : प्रदक्षिणा झाली की. बरोबर दिशेने घालतेस.

आजोबा : ती टायर बघते, वैजू. नवस फेडत नाही.

आजी : दोन्ही होतं एका फेरीत. उद्या जाताना चाकाखाली एक लिंबू ठेव. पर्समध्ये आणलंय मी.

तनिषा : नाही! आजी, विमानाखाली काही सापडलं तर अर्धा एअरपोर्ट धावत येतो. माझा पास काढून घेतील.

आजी : बरं, लिंबू राहिलं. मग वर गेल्यावर काय? कॅप्टन झोपला, तू त्याच्या जागी बसलीस. विमान तर आपोआप चालतं म्हणे. तू चहा पितेस?

तनिषा : चहा पण पिते. पण इंधन बघत राहायचं. जेवढं कागदावर आहे तेवढंच टाकीत आहे का. एक देश संपला की पुढच्या देशाच्या माणसाशी रेडिओवर बोलायचं. आत्ता कोणी आजारी पडलं तर कुठे उतरता येईल, तिथे धुकं आहे का, ते सगळं तयार ठेवायचं. आणि पुढचं हवामान. रडारवर मोठे ढग दिसले की बाजूने जायला परवानगी मागायची.

आजी : ढग? ते हेलकाव्यांचे?

तनिषा : हो, तेच.

आजी : आणि ते उतरताना येतात.

तनिषा : कधी येतात. मागच्या वेळी तुझ्या विमानात कधी आले होते?

आजी : उतरताना नाही गं. मधेच. जेवणं चालली होती. एकदम असं खाली गेलं की माझी डाळ समोरच्या माणसाच्या टकलावर.

आजोबा : सभ्य माणूस. सॉरी तोच म्हणाला.

आजी : मी ह्यांचा हात धरला होता. नखं रुतली ह्यांना.

आजोबा : खूण आहे अजून.

तनिषा : मग आजी, ऐक ना. जेवणं चालू असताना, मधे. ती माझी वेळ आहे.

आजी : काय म्हणालीस?

तनिषा : तू ज्याला घाबरतेस ना, ते लँडिंग नाहीये. ते मधलं आहे. आणि मधे मी असते. एकटी नाही, शेजारी को-पायलट असतो. पण ढग मी पण बघते. बेल्टचा दिवा लावायचा का, ते आम्ही दोघं ठरवतो. एअर होस्टेसना मी फोन करते की गरम काही देऊ नका आत्ता.

आजी : डाळ तू थांबवतेस?

तनिषा : डाळ मी थांबवते.

आजी : हं.

आजोबा : इंडिकेटर, वैजू.

आजी : बंद केला. बघा. आणि कॅप्टन? तो खरंच झोपतो? का असा पडून राहतो, एक डोळा उघडा ठेवून?

तनिषा : ग्रॅहम ना? उद्या तोच आहे. पहिल्यांदा माझ्याबरोबर आला तेव्हा नाही झोपला. दर थोड्या वेळाने दार उघडून यायचा. एकदा म्हणे चष्मा राहिला. एकदा म्हणे टॉयलेटला चाललोय. टॉयलेट दुसऱ्या बाजूला आहे.

आजोबा : मला हा माणूस आवडला.

आजी : आवडणारच. तुमचाच भाऊ. मग पुढे?

तनिषा :  आला की सांगायचे, आपण इथे आहोत, इंधन एवढं आहे, पुढे हे दिसतंय, मी हे केलं. तो नुसता मान हलवायचा. तिसऱ्या फ्लाइटला झोपायला गेला तो मधे एकदाही आला नाही. मला वाटलं बरं नाहीये की काय. झोपायच्या खोलीत फोन केला तर उचलेना. शेवटी केबिन क्रूने जाऊन हलवलं. घरून उशी आणली होती त्याने.

आजी : स्वतःची?

तनिषा : स्वतःची. फुलांचा अभ्रा. बायकोने शिवलेला.

आजी : एवढं विमान, एवढी माणसं, आणि तो माणूस तुझ्यावर टाकून घोरत होता.

तनिषा : माझ्यावर आणि को-पायलटवर.

आजी : त्या पोराचं कौतुक त्याची आजी करेल. ऐकलंत का, अहो? विमानाचा कॅप्टन घरून उशी आणून झोपतो. आणि तुम्ही? मी कार्डिफमध्ये लायसन्स काढल्यापासून माझ्या शेजारी कधी डोळा मिटलात? पोरं झोपायची, पाहुणे झोपायचे, शेजारच्या मोहनचा तो कुत्रासुद्धा झोपला. तुम्ही मात्र ताठ.

आजोबा : मला गाडीत झोप येत नाही.

आजी : टॅक्सीत येते. मोहनच्या गाडीत येते. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आज माझ्या हातात किल्ली दिलीत, तीही दोनदा विचारून.

आजोबा : तीनदा. लॉरी वळतेय बघ.

आजी : वळू दे तिला. तने, तू मंडळात काय ते खरं सांग हं आता. मी चालवत नाही, मी सांभाळते, असं सांग. लाजायचं काही नाही त्यात.

तनिषा : आणि पुण्याचा बोर्ड?

आजी : बोर्डाला काही होत नाही. फक्त फोटो बदलायला सांगते अनूला. दोन पट्ट्यांवाला पाठव.

तनिषा : म्हणजे तू येतेस?

आजी : बघते अजून. रीडिंग यायचंय. उद्या तू आत असलीस तरी मला कसं कळणार तू त्या जागेवर बसलीयस ते?

तनिषा : मी को-पायलटला विचारून अनाउन्समेंट करेन. इंग्लिशमध्ये वेदर सांगेन. शेवटी मराठीत एक वाक्य.

आजी : काय म्हणशील?

तनिषा : 'डाळ सुरक्षित आहे.'

आजी : अगं बाई! विमानभर लोक काय म्हणतील? ऐकलंत का, अहो? अहो... ही मधली लेन घेऊ का? आज विचारतेय तर बोलत नाहीत. रागावले वाटतं.

तनिषा : आजी. मला वाटतं ते झोपलेत.

आजी : नाटक असेल. पाय बघ त्यांचा.

तनिषा : कुठला पाय?

आजी : उजवा. ब्रेकवर आहे का?

तनिषा : नाही. सैल पडलाय. बूट पण अर्धा निघालाय.

आजी : नीट बघ.

तनिषा : तोंड उघडं आहे, आजी. खरंच झोपलेत. आणि आजी... आजी, रीडिंगचा बोर्ड! तुझा एक्झिट गेला!

आजी : दिसला मला. हळू बोल. कॅप्टन झोपलाय.