चाळीस दिवसांची दाढी

न्हाव्याच्या दुकानात माझा नंबर दुसरा होता. खुर्चीत बसलेला गृहस्थ आदल्याच दिवशी पायी यात्रा करून परतला होता.

"काढू नका हं! नुसती कडेनं नीट करा. चाळीस दिवस वस्तरा लागू दिला नाही."

"किती दिवस म्हणालात?"

"चाळीस. चालायला लागल्यापासून."

"मान वर करा जरा. हं. ही दाढी बारा दिवसांची आहे."

"माझी वाढच हळू आहे हो."

"अहो, अकरा वर्षं दर रविवारी मी काय तुमच्या कपाळाची दाढी करतोय? आणि हनुवटीखाली कुणीतरी उलटा हात मारलाय. असलं काम आपल्या दुकानात होत नाही."

"हळू बोला, मागं बाकावर माणसं आहेत."

"मग खरं सांगा."

"अठ्ठाविसाव्या दिवशी खाजेनं जीव नकोसा झाला. वाटेत एक दुकान उघडं दिसलं आणि पाय आपोआप वळले."

"पाय चालायला नेले होते ना?"

"चाललो मात्र पूर्ण, शपथ! पण नेम दाढीचाही होता. आता घरी सासरे येऊन बसलेत. त्यांनी याच वाटेवर चाळीस दिवस वस्तरा लावला नव्हता म्हणे. लग्न झाल्यापासून दर जेवणाला तेच ऐकतोय. ते ओळखतील का हो?"

"छे!"

"कशावरून?"

"यात्रेहून आल्यावर त्यांची दाढी मीच उतरवली होती. तुमची निदान बारा दिवसांची तरी आहे."