कापसावर उतरलेला रंग

डब्याचं झाकण खट्कन वाजलं आणि नवजात कक्षाबाहेरची शांतता मोडली. बाळ आत काचपेटीत होतं. मोठ्या मुलीला घास भरवताना आईचे कान शेजारच्या बाकावरच्या नणंद-भावजयीकडे लागले.

“वन्सं, तुमच्या कारखान्यात बाहेरून बनून आलेल्या सर्किट बोर्डवरची चिप नकली, हे कळतं कसं?”

“थिनरच्या कापसाने पुसायची. काळा रंग उतरला की समजायचं, जुनीच चिप घासून, रंगवून वर नवा नंबर छापलाय.”

“मग?”

“मी माल अडवला. साहेब रुसलेल्या जावयासारखे फुगलेत. म्हणतात, चिप चालतेय ना?”

“चालते ना पण?”

“आज चालते गं. तापली की कधी दगा देईल, सांगता येत नाही. आणि हे बोर्ड बाळांच्या काचपेट्यांत बसतात.”

मोठी घास तोंडातच धरून काचेपलीकडे बघत राहिली.

“आई, आपल्या बाळाच्या पेटीतली चिप कुणी पुसून बघितली?”