नाकोबाचा दावा

– नाही, नाही, हात खाली घ्या. आणि मान वळवू नका दादा, कॉलरपाशी सगळ्या टाचण्याच टाचण्या आहेत, एखादी घुसली की मग माझ्या नावानं शंख कराल. हं, असं. समोर बघा, त्या मशीनकडे. बाह्या लांब आहेत बरं का, म्हणजे कोटाच्या, तुमचे हात ठीक आहेत – कुणाचा तरी जुना काळा कोट दिसतोय. हॉटेलात हे असंच, वेटर सोडून गेला की त्याचा कोट पुढच्याच्या अंगावर. बगलेत जरा ढिला ठेवते, ट्रे धरायला हात मोकळा हवा. काय? बोलू नका हो, हनुवटी हलते. आत आल्या आल्या तुम्ही नाक मुरडलंत, ते बघितलं मी. दूध करपलंय. आमच्या ह्यांनी गॅसवर ठेवलं आणि शेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. शेजारी, दादा. पातेलं तळापासून काळं झालं, घरभर धूर, आणि हे पेपरातून मान वर करून मला म्हणतात, आज धुकं आहे का गं. त्यांना वास येत नाही. कसलाच नाही. आता नातीला घेऊन फेरी मारायला गेलेत, नाहीतर पातेलं घासताना शेजारी उभं राहून शंभरदा माफी मागितली असती, आणि ते मला करपलेल्या दुधापेक्षा जास्त जाचतं.

आधी असं नव्हतं. आधी तर उलटं – ह्यांच्या नाकापुढं कुणाचं काही चालायचं नाही. जिन्यात पाऊल टाकलं की सांगायचे, पहिल्या मजल्यावर मासे तळतायत, दुसऱ्यावर नवरा-बायकोचं बिनसलंय. ते कसं कळलं म्हणता? भांडण झालं की ती बाई फिनेलनं फरशी पुसायची, घासून घासून. बिल्डिंगमधल्या बायका दुधाची भांडी घेऊन दारात यायच्या, नासलंय का बघा हो म्हणून, आणि हे खुर्चीत बसून एकेकीचं हुंगून निकाल द्यायचे, एखादा डॉक्टर पेशंट तपासतो तसे. कामावर सगळे नाकोबा म्हणायचे. शहराबाहेर त्या उंच चिमण्या दिसतात ना, वर ज्योत जळत असते, ती रिफायनरी – तिथं हे ऑपरेटर. कुठला पाइप गळतोय, कुठला गळणार आहे – भिंतीवरचं यंत्र बोंबलायच्या आधी ह्यांना कळायचं. अहो, हलू नका. रिफायनरी म्हटल्यावर एवढं काय दचकायचं?

तर तिथं तेलातून एक गॅस निघतो. सडक्या अंड्यासारखा वास. थोडा असला की वास येतो, आणि फार झाला की नाकच बधिर होतं, वास येणं थांबतं. म्हणजे वास थांबला की समजायचं, आता पळा. ह्यांना ठाऊक नव्हतं का? होतं की, नव्यांना हेच शिकवायचे. पण त्या दिवशी एका पंपापाशी गळतीची शंका आली, आणि तिथलं यंत्र बंद पडलेलं. कधीपासून बंद होतं, ते विचारूच नका. फोरमन म्हणाला, यंत्र कशाला हवंय, नाकोबा आहे ना, जा रे, हुंगून ये. आणि हे गेले. फुशारले असणार, दुसरं काय. वायरलेसवरून सांगत होते, येतोय, वास येतोय, अजून येतोय – आणि मग म्हणाले, थांबला. आणि स्वतःच शिकवलेलं स्वतःला आठवेपर्यंत खाली पडले. दोघंजण मास्क लावून धावले आणि पट्ट्याला धरून फरफटत बाहेर आणलं. वाचले. कपाळावर खोक पडली, छाती किती दिवस घरघरत होती, पण वाचले. मी दवाखान्यात गेले ती रडत, धावत, घामाघूम होऊन, आणि हे डोळे उघडून काय म्हणाले असतील? म्हणाले, तू आलीस ते कळलंच नाही गं. आधी कळायचं म्हणे, दाराबाहेर असले तरी.

जरा वळा. पाय नका हलवू, नुसते वळा. कंपनीचं म्हणणं काय, हात आहेत, पाय आहेत, नाकसुद्धा जागेवर आहे, मग गेलं काय? आणि वर हेही, की कामगार स्वतःच्या मर्जीनं हुंगायला गेला होता. मर्जीनं. जणू बागेत गेला होता. तेव्हा कुणीतरी आम्हाला वकीलबाईंचा पत्ता दिला. टायरच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे, रिफायनरीत जायबंदी झालेल्यांचेच दावे लढतात, दुसरं काही घेतच नाहीत. बाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर बसलं की प्रत्येकजण आपापलं दाखवतो – क्रेनवाल्याची बोटं गेलेली, एकाची पाठ भाजलेली, तो सदरा वर करूनच बसलेला. आणि हे आपले कोपऱ्यात अंग चोरून. दाखवायला काहीच नाही ना. लग्नात आहेर न घेता गेल्यासारखं तोंड. शेजारी एक वेल्डर होता, स्फोटात कान गेलेला. त्यानं विचारलं, तुमचं काय गेलं? हे म्हणाले, वास. तो म्हणाला, काय? हे जरा मोठ्यानं, वास गेला, वास. तर तो एकदम गंभीर झाला, डोक्यावरची टोपी काढली, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, वाईट झालं, वय काय होतं आईंचं? त्याला ऐकू आलं, सासू गेली. माझी आई चांगली ठणठणीत आहे हो, पण त्याला समजावणार कोण. वर ह्यांच्या कानात म्हणतो कसा – ह्यांच्या कानात म्हणजे सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं – सासूबद्दल कंपनी काही देईल असं वाटत नाही, तरी प्रयत्न करा. त्या अपघातानंतर हे पहिल्यांदा हसले ते तिथं.

वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, घरात काय बदललंय ते सांगा. मी म्हटलं, बाई, काय सांगू, ताटावर बसतात आणि मुकाट जेवतात. मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी सगळं म्हणे ओल्या पुठ्ठ्यासारखं. दिवसातून तीनदा आंघोळ करतात, आपल्या अंगाला घाण येत असेल आणि लोक सांगत नसतील म्हणून. गॅस चालू राहिलाय का, बघ, बघ म्हणून मला सारखं उठवतात. आणि माणूसच बुजलाय, पहिल्या मजल्यावर काय शिजतंय ते आता कुणी विचारत नाही ना. सांगता सांगता मलाच भरून आलं, तर वकीलबाई म्हणाल्या, हेच, हेच कोर्टात सांगायचं.

पण कोर्टात सांगू तर द्यायला हवं ना? तिथं कंपनीचा तो वकील – नाकानं कांदे सोलणारा नुसता – उठून म्हणाला, हा मनुष्य ढोंग करतोय, मी आत्ता सिद्ध करतो. आणि पिशवीतून एक बाटली काढली, झाकण मेणानं बंद केलेलं. आत काय होतं कोण जाणे. कुणी म्हणालं मासे, कुणी म्हणालं कोंबड्यांच्या खुराड्यातलं काहीतरी, महिनाभर उन्हात ठेवलेलं. ऐटीत झाकण उघडलं. दादा, मी म्हाताऱ्या माणसांची दुखणी काढलीत, गटार तुंबलेल्या घरात राहिलेय, पण तसलं काही नाकात गेलं नव्हतं. सगळ्यात आधी तो वकीलच गेला – स्वतःच्याच पिशवीत तोंड घालून ओकला. मग टायपिस्ट गेली, मग दारावरचा शिपाई, तो लोकांना वाट द्यायच्या ऐवजी लोकांच्या पुढं पळाला. न्यायाधीश झग्याचं टोक नाकाला लावून मागच्या दारानं. वकीलबाई तेवढ्या दारापाशी थांबल्या, डोळ्यांतून धारा, पण थांबल्या. आणि हे? हे गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसलेले, शाळेत फोटो काढताना बसवतात तसे. बाहेरच्या व्हरांड्याच्या खिडकीतून न्यायाधीशांनी विचारलं, अर्जदाराला काही वास येतोय का? तर हे अदबीनं उठून म्हणाले, साहेब, बाटली उघडली का?

हसा, हसा, पण खांदे नका उडवू. मी बसून होते शेजारी. पळता आलं नाही, ह्यांनी माझा हात घट्ट धरला होता. तुम्हाला हसू येतंय, पण त्यांना काय दिसत होतं? भरलेल्या खोलीतली माणसं आपल्याकडे बघत बघत उठून पळतायत, आणि का ते कळत नाही. हात थंडगार होता.

जिंकलो आम्ही. पण कंपनी वर गेली, अपिलात. आता म्हणतात, रिफायनरीतल्या माणसाला घाणीची सवयच असते, तो दम धरून बसला, त्यात काय एवढं; चांगला वास येतो की नाही ते कुणी बघितलंच नाही. आणि इथंच तर – सांगू की नको? कुणाला सांगितलेलं नाही, वकीलबाईंनासुद्धा नाही. तुम्ही वेटर माणूस, आपलं वाढून मोकळे होणारे, तुमच्या पोटात राहील. आमची लेक बाळाला घेऊन आलीय. मागे एका दुपारी पडदे ओढलेले, हे पाळण्यापाशी गेले, वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले. आणि मला हाक मारली, हळूच, बाळ उठेल म्हणून. म्हणाले, येतोय गं. दुधाचा. हिच्या टाळूचा वास येतोय. डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी शीळ घालत होते, किती दिवसांनी. तेव्हापासून रोज नातीला हुंगतात आणि रोज म्हणतात, येतो, थोडा थोडा येतो –

अहो. अहो, काय झालं? टोचली ना? सांगत होते हलू नका म्हणून. मघापासून तुमची चुळबुळ चाललीय, काय सांगायचंय एवढं, सांगून टाका एकदाचं. ... हं. ... हॉटेलात नाही? मग कुठं? ... कोर्टात. म्हणजे वकील. बरं, मग पायी कसे आलात, वकील गाडीतून – ... कोर्टाजवळचा शिंपी बंद आहे म्हणून. बरं. उद्या उभं राहायचंय. कुणाच्या बाजूनं?

...

कंपनीचा पहिला कुठं गेला, तो बाटलीवाला? ... काढला त्याला. आणि तुम्हाला दिला दावा. हो, हो, तुम्ही बोलायला बघत होतात, मीच बोलू दिलं नाही, हनुवटी हलते म्हणत बसले. तुमचा दोष नाही. आता गप्प उभे राहा, बाही सोडून देता येत नाही अर्धवट.

ऐका आता. अर्धं ऐकलंत, तर राहिलेलं पण ऐका. पाळण्यात बाळ नव्हतं. बाळ मागच्या पायरीवर होतं, आईच्या मांडीवर. पाळण्यात गिऱ्हाइकांच्या विजारी होत्या. इथं टेबलावर जागा नव्हती, इस्त्री करून घडी घालून मीच ठेवलेल्या, वर धूळ नको म्हणून बाळाची दुलई टाकलेली. गरम होत्या, इस्त्रीच्या. अंधारात वाकलेल्या माणसाला ती ऊब बाळाचीच वाटणार. विजारीला दुधाचा वास येतो का हो, वकीलसाहेब? मी हे दारात उभं राहून बघितलं, आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. मग नाही उघडलं. त्यांनी पाळणा हलवला, अंगाई म्हटली, त्या विजारींना, सगळी कडवी. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं – हसत होते की रडत होते, मला आजही सांगता यायचं नाही.

तर उद्या तुम्ही ह्यांना विचाराल, चांगला वास येतो का. विचारा, तुमचं कामच आहे ते. हे म्हणतील, येतो, नातीचा येतो. सरळ माणूस आहे, विचारलं की सांगणार, आणि आनंदानं सांगणार. मग वकीलबाई माझ्याकडे बघतील, आणि मला उठावं लागेल. भरल्या कोर्टात, त्यांच्यासमोर, मला विजारींचं सांगावं लागेल. दावा आम्हीच जिंकू, त्यात काही शंका नाही. पण त्यांच्या तोंडाकडे तेव्हा तुम्ही बघा. मी नाही बघणार.

नाही, काही बोलू नका. वचन वगैरे मला नको, तुम्ही त्यांचे वकील आहात, माझे नाही. काढा कोट. हळू, डाव्या बाजूनं, टाचण्या आहेत. ... उद्या सकाळी? नाही हो, उद्या कसा मिळेल. परवा या. उद्या दुकान बंद आहे, मलाही तिथंच यायचंय.