अण्णांचा पामटॉप आणि बजाजनगरचा टीव्ही

माझं लग्न पत्रिकेवरून नाय, पामटॉपवरून जुळलं. हसताय काय, ऐका तरी!

आमच्या अण्णांकडं एक लई जुना पामटॉप आहे, काडीनं टोचून चालवायचा खिशातला कॉम्प्युटर. मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. आई रोज म्हणायची, "द्या तो भंगारात." मग अण्णांनी शोध लावला, की त्याच्यानं रिमोटसारखा टीव्हीपण बंद-चालू होतो.

आम्ही मुलाचं घर बघायला बजाजनगरला गेलो. मुलाचे वडील क्रिकेटमध्ये गुंग. अण्णांनी काहीही विचारलं की नुसतं "हं, हं." माझं डोकंच तापलं. मी अण्णांना कोपर मारलं. त्यांनी पिशवीआडून काडी टोचली. टीव्ही बंद!

"लाईट गेली का?" मुलाची आई म्हणाली. पंखा तर फिरत होता.

तेवढ्यात टीव्ही आपोआप चालू झाला. अण्णांनी परत बंद केला. परत चालू! रिमोट तर माझ्यासमोर टीपॉयवर पडलेला.

मुलाच्या वडिलांनी लोडामागून हात बाहेर काढला. हातात तसलाच पामटॉप, चिकटपट्ट्या लावलेला.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "बॅटरी कुठून आणता हो तुम्ही?"

मुलगा पसंत आहे का, हे मला अजून कुणी विचारलेलं नाय.