मंडळाच्या रजया

रजयांमध्ये सरकीसकट कापूस मीच कोंबला होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुणावर संशय घेणार नाही. सोळा वर्षांची होते, रनाळ्याहून नंदुरबारला लग्न होऊन आलेली, आणि एका जागी बसणं म्हणजे मला शिक्षा.

गल्लीतल्या बायकांचं मंडळ माझ्या सासूबाईंनी काढलेलं. प्लेगच्या साथीत एकमेकींची पोरं सांभाळता सांभाळता उभं राहिलं ते, इंग्रजाचं राज्य होतं तेव्हा, आणि पुरुष त्याला रिकामटेकड्यांचा बाजार म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ठरलं, सातपुड्यातून कापूस वेचायला उतरणाऱ्या बाया लेकरं घेऊन उघड्या शेतात निजतात, त्यांना थंडीआधी रजया द्यायच्या. कापूस घरोघरचा. आम्ही सरकी काढायची, हमीदाखाला पिंजारीण तो पिंजून देणार, मग भरायचा. काय सांगू तुम्हाला, सरकी काढता काढता माझे पाय नुसते वळवळायचे! सगळ्या एका लग्नाला गेल्या तशी मी पठ्ठीनं उरलेला कापूस तसाच भरला, भराभरा टाके मारले, सगळा ढीग माळ्यावर रचला आणि गल्लीभर मिरवून आले, बघा माझा झपाटा.

सरकी म्हणजे उंदरांना पेढेच. थंडी पडली, डोंगरातल्या बाया ओट्याशी येऊन बसल्या, आणि माळ्यावरून खाली आलं काय, तर चिंध्या नि लेंड्या. शेजारचे नानाभाऊ ओरडले, बायासनं मंडळ उंदरंसनी सेवा करी ऱ्हायनं! हसले सगळे. पण समोर एकीच्या कुशीत कुडकुडणारं लेकरू होतं, मला त्याच्याकडे बघवेना. सासूबाईंनी आत जाऊन स्वतःची रजई आणली नि त्या बाईच्या खांद्यावर घातली. मग घराघरातून पांघरुणं निघाली, तरी निम्म्या बाया रिकाम्या हातानं परतल्या. दुसऱ्या दिवशी मंडळात गलका, हिला काढा, हिला काढा. मी तर बोचकं बांधून माहेरी पळायला निघालेली.

आता नातसुना विचारतात, आजी, तुमच्या पायाला भिंगरी आहे का? आहेच. अजून घरात पाय ठरत नाही. पण मंडळाचा कापूस आला की गुमान मांडी घालते. कारण त्या दिवशी हमीदाखाला पिंजायची कमान घेऊन दारात आली, माझं बोचकं हिसकलं, त्याच्यावरच फतकल मारून बसली आणि म्हणाली, पोरी, उंदीर तुले दुवा देई ऱ्हायनात, आते मानसंसनी दुवा ले. बस आठे, अन् मी म्हनस नही तवलोंग उठू नको.