चिरलेलं कवच

(अमेरिकेतलं डोंगरपायथ्याचं एक गाव. हार्लन टीगचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. डिसेंबरातली सकाळ. ड्वेनची बायको लोर्ना आली आहे.)

लोर्ना : …ते ठाऊक आहे हो मला. पण कोर्टात एकच प्रश्न येणार. ड्वेनच्या बंदुकीचं ते तीस गोळ्यांचं मॅगझिन कायद्याच्या आधीचं की नंतरचं?

हार्लन : आधीचंच! तुमच्या लग्नाच्याही आधी माझ्या दुकानातून नेलंय त्याने. एवढं मोठं मॅगझिन ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांनी ठेवावं, नवीन कुणी घेऊ नये, बनवू नये, एवढाच तर कायदा.

लोर्ना : पण शिक्का नंतरचा आहे. साच्यातच महिना आणि साल. कायदा आल्यावर पाच वर्षांनी बनलेलं.

हार्लन : अगं, शिक्का असतो नुसता बाहेरच्या कवचावर. गाडीच्या दारात सापडून जुनं कवच उभं चिरलं, मी तेवढं बदललं. आतली स्प्रिंग जुनी, बूड जुनं. कुऱ्हाडीचा दांडा बदलला म्हणून कुऱ्हाड नवी होते का?

लोर्ना : हेच कोर्टात येऊन सांगा ना. गुरुवारी नऊ वाजता.

हार्लन : …बोलायला सोपं आहे, पोरी.

लोर्ना : अवघड काय त्यात?

हार्लन : दुरुस्ती करू नका असं कायद्यात कुठे नाही. करा असंही नाही. ‘बनवू नका’ हे मात्र ठसठशीत लिहिलंय. मग कवच बदलणं ही दुरुस्ती की बनवणं? राज्याच्या कचेरीला दोनदा पत्र घातलं. म्हणे आम्ही सल्ला देत नाही, वकिलाला विचारा. वकील म्हणतो, न्यायाधीशावर आहे. म्हणजे आधी फासात मान घाला, मग कळेल गाठ सैल होती की घट्ट!

लोर्ना : आज ड्वेनची मान आहे त्यात. शिक्षा झाली की शाळेच्या बसवरची नोकरी गेली. चौदा वर्षं गावच्या पोरांची ने-आण करतोय तो. बर्फातसुद्धा खाडा नाही.

हार्लन : मला सांगतेस?

लोर्ना : जुनं कवच कुठाय? काढलेला भाग तुम्ही पिशवीत घालून, चिठ्ठी बांधून परत देता. माझ्या बाबांना गंजका स्क्रूसुद्धा दिला होतात.

हार्लन : चाळीस वर्षांत त्या एकाच दिवशी नाही दिलं. ड्वेन म्हणाला, कशाला तो कचरा, मुलगी खेळते, हाताबिताला लागेल. टाकून दे. दिलं टाकून. माझीच अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

लोर्ना : आता तुमचा शब्दच काय तो उरलाय. घरच्यांचं कोण ऐकतंय?

हार्लन : माझा शब्द म्हणजे कबुली, लोर्ना. ‘मी बदललं’ म्हणायचा अवकाश, सरकारी वकील विचारणार, म्हणजे तुम्ही बनवलंत? परवाना गेला. दुकान गेलं. सदुसष्टाव्या वर्षी तुरुंगात जाऊ? घरी नेटी आहे. नवरा म्हणून ओळखत नाही ती मला आता, पण माझ्याच हातून जेवते.

लोर्ना : ड्वेनने तुमचं नाव घेतलेलं नाही.

हार्लन : काय?

लोर्ना : पोलिसांना म्हणाला, गॅरेजमध्ये मीच बदललं. आता बनवल्याचा गुन्हाही त्याच्याच माथी. गुरुवारी सगळं कबूल करून सही करणार आहे. तुम्ही उभे राहिलात तरच थांबेल.

हार्लन : वेड लागलंय का त्याला?

लोर्ना : म्हणाला, बाप गेल्यावर हार्लनने मला शिकारीला नेलं, माणसात आणलं. त्याच्या दारात जाऊ नकोस, शपथ आहे. मी मोडली शपथ.

हार्लन : …पोलिसांनी तसं लिहून घेतलंय? गॅरेजमध्ये, त्याने एकट्याने?

लोर्ना : हो.

हार्लन : म्हणजे माझं नाव कुठेच नाही.

लोर्ना : कुठेच नाही.

हार्लन : बरं.

लोर्ना : बरं?

हार्लन : ड्वेनला म्हणावं…

लोर्ना : काय म्हणू?

हार्लन : काही नाही. जाताना दार जरा ओढून घे, वारा येतोय.